कीबोर्डवरची जादा बटणे दुकानाच्या कामी कशी लावावीत?

पैसे मोजून घेतलेला माल कपाटात पडून राहिला, तर व्यापारी त्याला अडकलेली रक्कम म्हणतो. आपल्या संगणकाच्या कीबोर्डवर असा पडून राहिलेला माल रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो. अक्षरांच्या वरच्या बाजूला एक ओळ असते. त्यात कुठे कर्ण्याचे चित्र, कुठे पाकिटाचे, कुठे घराचे, कुठे गणकयंत्राचे. यांना मल्टिमीडिया बटणे म्हणतात. दुकानदार त्यांतले आवाजाचे बटण तेवढे वापरतो. बाकीची बटणे धूळ खातात, किंवा भलत्या वेळी हात लागून भलतेच काही उघडतात.

व्यापारी व कारागीर बंधूंनो, ही बटणे आपल्या कामाला जुंपता येतात. त्यासाठी इंजिनियर बोलवावा लागत नाही आणि खर्चही येत नाही. मात्र काम सलीक्याने, क्रमाने करावे लागते. गर्दीच्या वेळी बिल बनवताना एका चुकीच्या बटणाने संगणक झोपी गेला, तर गिऱ्हाईक समोर ताटकळते आणि अर्धवट भरलेली नोंद जाण्याची भीती असते. म्हणून या पाठात आम्ही दोन्ही गोष्टी सांगणार आहोत. उपयोगाची बटणे कामाला कशी लावावीत, आणि उपद्रवी बटणे बंद कशी करावीत.

ही बटणे आली कोठून?

आयबीएम कंपनीने १९८०च्या दशकात १०१ बटणांचा कीबोर्ड काढला आणि पुढे तोच सर्वत्र नमुना ठरला. १९९४ साली मायक्रोसॉफ्टने आपला नॅचरल कीबोर्ड आणला. त्यात विंडोजची दोन बटणे व मेन्यूचे एक बटण अशी तीन बटणे वाढली आणि आकडा १०४ झाला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस घरोघरी इंटरनेट आणि गाण्यांच्या सीडी आल्या. तेव्हा कीबोर्ड बनवणाऱ्यांनी गाणे सुरू-बंद, आवाज, ई-मेल, वेबचे मुख्य पान अशी बटणे वाढवली. सुरुवातीला प्रत्येक कंपनी त्यासाठी आपली वेगळी सीडी देत असे. विंडोज २००० पासून ही बटणे विंडोज स्वतःच ओळखू लागले. म्हणजे आज आपल्या गल्ल्यावर जो संगणक आहे, त्याला ही बटणे समजतात. त्यांना आपले काम सांगणे एवढेच बाकी आहे.

बटण दाबल्यावर आत काय घडते?

ही गोष्ट नीट समजली तर पुढचे सारे सोपे जाते. गाठी रवाना करण्याचा व्यवहार डोळ्यांसमोर आणावा.

गोदामातून कापडाची गाठ निघते तेव्हा तिच्यावर मार्का आणि नंबर घातलेला असतो. ट्रान्सपोर्टच्या मुनीमाला आत साडी आहे की शर्टिंग, याच्याशी कर्तव्य नसते. तो नंबर वाचतो, वही उघडतो आणि वहीत ज्या पेढीचे नाव लिहिले असेल तिकडे गाठ धाडतो. कीबोर्डचे प्रत्येक बटण असाच एक नंबर पाठवते. त्यावर छापलेले चित्र फक्त माणसासाठी असते. संगणक चित्र पाहत नाही, नंबर पाहतो.

नंबर आल्यावर विंडोज दोन कामे करते. पहिले, जी खिडकी त्या वेळी पडद्यावर पुढे उघडी आहे, तिला विचारते की हा हुकूम तुझ्यासाठी आहे काय. त्या खिडकीने तो घेतला तर काम तिथेच संपते. तिने घेतला नाही तर विंडोज आपली वही उघडते. या वहीचे नाव ॲप की. तिथे त्या नंबरासमोर जे लिहिले असेल ते उघडले जाते. गणकयंत्राच्या बटणासमोर गणकयंत्राचे नाव लिहिलेले असते, म्हणून गणकयंत्र उघडते. वहीतले नाव बदलले की गाठ दुसऱ्या पेढीवर जाईल. आपल्याला हेच करायचे आहे.

एका बटणाचा अपवाद ध्यानात ठेवावा. ‘एफएन’ असे लिहिलेले बटण बहुतेक कीबोर्डांत संगणकाला काहीच कळवत नाही. त्याचा निर्णय कीबोर्डच्या आतच होतो. गाठ गोदामाबाहेर निघालीच नाही तर मुनीम काय करणार? म्हणून एफएनचे काम बदलून देण्याचा दावा कुणी केला, तर त्याच्या नादी लागू नये.

पहिले काम: मोजदाद

नवा माल आला की आपण आधी तागे मोजतो, मग दर लावतो. तसेच येथे करावे. एक कोरा कागद घ्यावा व त्यावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात बटणावरचे चित्र, दुसऱ्यात ते दाबल्यावर काय होते, तिसऱ्यात आपल्याला काय व्हायला हवे.

सर्व कार्यक्रम बंद करून एकेक बटण दाबत जावे. तपासताना बटणांचे चार गट पाडावेत. पहिला गट आवाजाचा: वाढवणे, कमी करणे, बंद करणे. दुसरा गाण्याचा: सुरू-थांब, पुढचे, मागचे. तिसरा उघडण्याचा: मुख्य पान, ई-मेल, मीडिया प्लेयर, माय कॉम्प्युटर आणि गणकयंत्र. चौथा गट पॉवर, स्लीप आणि वेक यांचा. प्रत्येक कीबोर्डवर सगळी बटणे असतीलच असे नाही. पहिले दोन गट जसे आहेत तसे राहू द्यावेत. कारखान्यात गाणे लावून काम करणाऱ्या कारागिराला फोन आला की आवाज बंदचे बटण एका बोटाने दाबता येते, हा काही लहान फायदा नाही. आपले खरे भांडवल तिसऱ्या गटात आहे, आणि खरा धोका चौथ्यात.

टॅली वापरणाऱ्यांसाठी आधी हे

अनेक दुकानांत हिशोब टॅलीवर असतो आणि टॅलीचा सारा व्यवहार वरच्या एफ बटणांवर चालतो. व्हाउचर भरताना एफ ४ म्हणजे कॉन्ट्रा, एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, एफ ८ विक्री आणि एफ ९ खरेदी. हल्लीच्या पुष्कळ लहान कीबोर्डांवर जागा वाचवण्यासाठी हीच बटणे आवाज आणि गाण्यांनाही वापरलेली असतात. मग मुलगा विक्रीसाठी एफ ८ दाबतो आणि गाणे सुरू होते. टॅली आधीच्याच व्हाउचरवर उभी राहते. घाईत त्याचे लक्ष गेले नाही तर विक्रीचा आकडा भलत्याच ठिकाणी पडतो. महिनाअखेर जीएसटीचे विवरण जुळवताना ही चूक शोधायला तासन्‌तास जातात.

यावर उपाय असा. कीबोर्डवर एस्केप बटणाकडे पाहावे. तिथे लहान कुलुपाचे चित्र किंवा ‘एफएन लॉक’ असे लिहिलेले असेल, तर एफएन आणि एस्केप एकत्र दाबावे. त्यानंतर एफ बटणे टॅलीसाठी मोकळी होतात, आणि आवाजासाठी एफएनसोबत दाबावे लागते. काही कीबोर्डांवर ‘एफ लॉक’ नावाचे वेगळेच बटण असते. जिथे यांतले काहीच दिसत नाही, तिथे कीबोर्डच्या खोक्यातले माहितीपत्रक पाहावे. लॅपटॉप असेल तर हीच सोय बायोसमध्ये मिळते. एचपीच्या यंत्रांत ती ‘ॲक्शन कीज मोड’ नावाने आणि लेनोव्होच्या यंत्रांत ‘हॉट की मोड’ नावाने असते. तिथे ती ‘डिसेबल्ड’ करावी.

नवा कीबोर्ड खरेदी करताना आमचा सल्ला असा आहे की, हिशोबाच्या टेबलासाठी एफ बटणे स्वतंत्र आणि मल्टिमीडिया बटणे वेगळी असलेला मोठा कीबोर्डच घ्यावा. उजवीकडे आकड्यांचा संच असावाच. थोडे पैसे वाचवण्यासाठी लहान कीबोर्ड घेणे हा हिशोबाच्या माणसाला आतबट्ट्याचा सौदा आहे.

उघडणारी बटणे: वहीतील नोंद कशी बदलावी

आता मुख्य पाठ. ही कृती विंडोज १० आणि विंडोज ११ या दोन्हींवर चालते. विंडोज १०चा नेहमीचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी लक्षात ठेवावे. कृती दुकान बंद असताना करावी, आणि टॅलीचा बॅकअप आधी पेनड्राइव्हवर घ्यावा.

१. विंडोजचे बटण दाबून धरून आर दाबावे. एक लहान चौकट येईल. तीत इंग्रजी अक्षरांत ‘रेजएडिट’ लिहावे, म्हणजे आर, ई, जी, ई, डी, आय, टी ही सात अक्षरे. एंटर दाबावे. संगणक परवानगी विचारेल, तेव्हा यस म्हणावे. यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो.

२. डावीकडे फोल्डरांची उतरंड दिसेल. तीत क्रमाने उघडत जावे: एचकी लोकल मशीन, मग सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्शन, एक्सप्लोरर आणि शेवटी ॲप की. वाटेत दुसऱ्या कशालाही हात लावू नये. ही संगणकाची मूळ खतावणी आहे. इथली भलती नोंद खोडली तर संगणक अडून बसू शकतो.

३. काही बदलण्यापूर्वी ॲप कीवर उजवे क्लिक करून एक्सपोर्ट निवडावे, आणि ती फाइल तारखेच्या नावाने पेनड्राइव्हवर ठेवावी. ही जुन्या वहीची नक्कल झाली. हे केल्याशिवाय चौथ्या पायरीवर जाऊ नये.

४. ॲप कीच्या आत आकड्यांचे फोल्डर दिसतील. त्यांचे अर्थ असे आहेत. ७ म्हणजे वेबचे मुख्य पान, १५ म्हणजे ई-मेल, १६ म्हणजे मीडिया प्लेयर, १७ म्हणजे माय कॉम्प्युटर आणि १८ म्हणजे गणकयंत्र.

५. समजा माय कॉम्प्युटरच्या बटणाने चालू महिन्याच्या बिलांचा फोल्डर उघडायला हवा. तर १७ उघडावे. उजवीकडे ‘शेल एक्झिक्यूट’ नावाची नोंद असते. तिच्यावर दोनदा क्लिक करून जुना मजकूर काढावा आणि आपल्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहावा. पत्ता हाताने लिहू नये. फोल्डरची खिडकी उघडून वरच्या पट्टीतून तो कॉपी करावा, म्हणजे अक्षराची चूक होत नाही.

६. समजा ई-मेलच्या बटणाने ई-वे बिलाचे संकेतस्थळ उघडायला हवे. तर १५ उघडावे. इथे शेल एक्झिक्यूटऐवजी ‘असोसिएशन’ नावाची नोंद असते. ती काढून टाकावी. मग उजवीकडे मोकळ्या जागेत उजवे क्लिक करून न्यू आणि स्ट्रिंग व्हॅल्यू निवडावे. तिला शेल एक्झिक्यूट हे नाव द्यावे. हे दोन शब्द मधली जागा न सोडता जोडून लिहावे लागतात. मग तिच्यावर दोनदा क्लिक करून संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता टाकावा.

७. मीडिया प्लेयरच्या बटणाने टॅली उघडायची असेल तर १६ मध्ये हीच सहावी कृती करावी. टॅलीचा पत्ता मिळवण्यासाठी डेस्कटॉपवरील तिच्या चित्रावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे आणि ‘टार्गेट’समोरचा मजकूर कॉपी करावा. त्याला दोन्ही टोकांना अवतरणचिन्हे असतील तर ती काढावीत.

खिडकी बंद करून बटण दाबून पाहावे. नोंद लागली नाही तर एकदा साइन आउट करून पुन्हा साइन इन करावे.

मुख्य पानाच्या बटणाबद्दल एक खुलासा. आपण वर पाहिले की हुकूम आधी पुढच्या खिडकीला जातो. त्यामुळे ब्राउझर उघडा असताना घराचे बटण दाबले, तर तो हुकूम ब्राउझरच घेतो आणि आपल्या वहीतली नोंद वापरली जात नाही. यात बिघाड काही नाही. म्हणून महत्त्वाचे काम ७ क्रमांकावर ठेवू नये. त्यासाठी १५, १६ आणि १७ हे अधिक भरवशाचे आहेत.

गणकयंत्राचे बटण बदलू नये

१८ क्रमांकाला आम्ही हात लावू देत नाही, कारण कापड दुकानात हे बटण आहे तसेच सोन्याचे आहे. उदाहरण घेऊ. ताग्यातून ३७ मीटर ६० सेंटिमीटर कापड गेले आणि दर मीटरला १४५ रुपये आहे. बटण दाबावे, ३७.६ गुणिले १४५ करावे. उत्तर ५,४५२ रुपये. आता कापडावर ५ टक्के जीएसटी धरायचा. त्याच उत्तरापुढे अधिक, ५, टक्केचे चिन्ह आणि बरोबर दाबावे. यंत्र आधी २७२.६० दाखवते आणि मग ५,७२४.६० ही बेरीज देते. गिऱ्हाईक दर कमी करण्याचा आग्रह धरत असताना एवढा हिशोब तोंडी करणारे उस्ताद आजही आहेत. पण दुकानातल्या नव्या मुलाकडून ती अपेक्षा ठेवू नये. त्याला हे बटण दाखवावे.

सोपा मार्ग: पॉवरटॉइज

ज्यांना रजिस्ट्रीत जायला धाकधूक वाटते, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच पॉवरटॉइज नावाचे मोफत साधन आहे. ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनच घ्यावे. अनोळखी ठिकाणाहून ‘कीबोर्ड सॉफ्टवेअर’ उतरवून घेणे धोक्याचे आहे. जे सॉफ्टवेअर बटणांचे काम बदलू शकते, ते आपण टाइप केलेला बँकेचा पासवर्डही वाचू शकते.

पॉवरटॉइजमध्ये ‘कीबोर्ड मॅनेजर’ हा विभाग आहे. तो सुरू करून ‘रीमॅप अ की’ निवडावे. एका बाजूला जुने बटण दाबून दाखवावे, दुसऱ्या बाजूला त्याने काय करावे ते सांगावे, आणि ओके म्हणावे. एका बटणाच्या जागी दुसरे बटण किंवा दोन-तीन बटणांची जोडीही देता येते.

आपल्या बांधवांना याचा एक खास उपयोग आहे. अनेकांना एकाच संगणकावर इंग्रजी, मराठी आणि उर्दू अशा तीन लिप्यांत लिहावे लागते. बिल इंग्रजीत, दुकानाची पाटी वा पत्र मराठीत, आणि एखादे पत्रक किंवा लग्नपत्रिकेचा मजकूर उर्दूत. विंडोजच्या भाषा विभागात मराठी आणि उर्दू जोडून ठेवल्या की विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलते. ‘पुढचे गाणे’ या बटणाला हीच जोडी द्यावी. मग एका बोटात भाषा बदलेल. उर्दू माध्यमात शिकलेल्या आमच्या पिढीला दोन्ही बाजूंनी लिहिण्याची सवय आहे. संगणकावर मात्र ती जोडी दर वेळी आठवावी लागते, तो त्रास यामुळे जातो.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पॉवरटॉइज मागे चालू असेल तोवरच बदल टिकतो. पासवर्ड मागणाऱ्या पडद्यावर तो लागू होत नाही. विंडोज-एल आणि कंट्रोल-आल्ट-डिलीट या जोड्या बदलता येत नाहीत, आणि ते चांगलेच आहे. संगणकाला कुलूप घालण्याचे ते हक्काचे मार्ग आहेत. गल्ल्यावरून उठताना विंडोज-एल दाबून उठण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

उपद्रवी बटणे बंद करणे

काही कीबोर्डांवर पॉवर आणि स्लीप ही बटणे आकड्यांच्या संचाजवळ असतात. आकडे भरताना हात घसरतो, किंवा गल्ल्याजवळ ठेवलेले मोजपट्टीचे टोक लागते, आणि संगणक झोपी जातो किंवा बंद होतो. टॅलीत जे व्हाउचर अजून स्वीकारलेले नाही, ते संगणक बंद झाला की जाते.

उपाय असा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडावे. डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ हा पर्याय आहे. तिथे पॉवर बटण आणि स्लीप बटण या दोन्हींसमोर ‘डू नथिंग’ निवडावे आणि ‘सेव्ह चेंजेस’ दाबावे. यानंतर डब्यावरचे पॉवर बटण नुसते टिचकी मारून संगणक बंद करणार नाही. रोज स्टार्ट मेन्यूतून शट डाउन करावे, तीच बरोबर रीत आहे. डब्यावरचे बटण काही सेकंद दाबून धरले तर वीज तुटते, पण तो मार्ग संगणक पूर्ण अडकला तरच वापरावा.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी

उबंटूसारखी मोफत प्रणाली वापरणारे बांधवही आहेत. त्यांना हे काम अधिक सोपे आहे. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडावे, आणि ‘व्ह्यू अँड कस्टमाइज शॉर्टकट्स’ निवडावे. आवाज आणि गाण्यांसाठी ‘साउंड अँड मीडिया’ तर कार्यक्रम उघडण्यासाठी ‘लाँचर्स’ हा विभाग आहे. स्वतःचे काम जोडायचे असेल तर ‘कस्टम शॉर्टकट्स’मध्ये नाव द्यावे, हुकूम लिहावा आणि हवे ते बटण एकदा दाबून दाखवावे.

बटण ऐकत नसेल तर

आधी पाहावे की पुढे कोणती खिडकी उघडी आहे. गाण्याचे बटण दाबल्यावर प्लेयरऐवजी ब्राउझरमधला व्हिडिओ सुरू होत असेल, तर त्याचे कारण असे की क्रोम ब्राउझर २०१९ पासून ही बटणे स्वतः घेऊ लागला. त्यातला व्हिडिओ बंद करावा.

मग कीबोर्डची तार दुसऱ्या यूएसबी जागेत लावून पाहावी. बिनतारी असेल तर सेल बदलावेत. तरीही चालेना तर तोच कीबोर्ड शेजारच्या संगणकावर लावावा. तिथेही ते एक बटण गप्प असेल, तर बटणच नंबर पाठवत नाही असे समजावे. त्यावर सेटिंगचा उपाय नाही. कीबोर्ड वॉरंटीत असेल तर परत करावा. शेजारी चालत असेल, तर दोष आपल्या वहीतल्या नोंदीत आहे. बहुतेक वेळा पत्त्यात एखादे अक्षर किंवा तिरकी रेघ राहिलेली असते.

पूर्वीसारखे करायचे असेल तर पेनड्राइव्हवरच्या नक्कल फाइलवर दोनदा क्लिक करावे, जुन्या नोंदी परत येतात. मात्र आपण नव्याने घातलेली शेल एक्झिक्यूट नोंद ती फाइल खोडत नाही. १५ आणि १६ मधली ती नोंद आपल्या हाताने काढावी लागते. नक्कल परत घातल्यावर हे विसरू नये.

दुकानाची शिस्त

बटणे लावणे हे अर्धे काम आहे. ती सर्वांना सारखी माहीत असणे हे उरलेले अर्धे. दुकानात दोन गल्ले असतील तर दोन्ही संगणकांवर एकच मांडणी असावी. नाहीतर मुलगा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर बसला की त्याचा हात चुकेल. बदललेल्या बटणावर पांढऱ्या पट्टीची लहान चिठ्ठी चिकटवावी आणि तिच्यावर नवे काम लिहावे: टॅली, ई-वे, बिले, भाषा. छापलेले चित्र एक सांगते आणि बटण दुसरेच करते, अशी स्थिती ठेवू नये. मोजदादीचा कागद भिंतीवर लावावा.

चारपाच बटणांपेक्षा अधिक बदलू नयेत. जे काम दिवसातून दहा वेळा होते, त्यालाच बटण द्यावे. महिन्यातून एकदा होणारे काम माउसने करावे. बँकेचे संकेतस्थळ बटणावर ठेवायचे असेल, तर पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेला नसावा. जे बटण मालकासाठी दार उघडते, ते परक्यासाठीही उघडते.

फायद्याचा अंदाज हवा असेल तर असा करावा. समजा एका बिलामागे ५ सेकंद वाचले आणि दिवसाला १२० बिले होतात. ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटे झाली. ही बचत लहान वाटेल. पण खरा फायदा मिनिटांचा नाही. माउस शोधण्यासाठी नजर पडद्यावर गेली की ती कापडावरून आणि गिऱ्हाईकावरून हटते. मापात आणि दरात जी चूक होते, ती त्याच क्षणी होते. हात आपोआप बटणावर गेला तर नजर मालावर राहते.

ज्या बांधवांना हे सारे एकदम जड वाटेल, त्यांनी या आठवड्यात फक्त दोन गोष्टी कराव्यात. स्लीप आणि पॉवर बटणे बंद करावीत, आणि बिलांच्या फोल्डरला एक बटण द्यावे. ते अंगवळणी पडले की पुढच्या आठवड्यात टॅली. दुकानात जो मुलगा हे शिकेल, त्यालाच दुसऱ्याला शिकवायला सांगावे. हुन्नर असाच एका हातातून दुसऱ्या हातात जातो, मग तो मागावरचा असो की कीबोर्डवरचा.